पुलाजवळची भाजी

मार्सेला वूडहल खोटं बोलत नाही, असं आमच्या गावात कुणीही सांगेल. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभं आयुष्य काढलं. एखाद्या पोराला चोरून दुसऱ्यांदा वाढलं, तर तेही ती मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन सांगायची आणि वर "उद्याही वाढणार आहे" म्हणायची. फक्त एका बाबतीत ती पापणी न हलवता खोटं बोले, आणि त्याचा तिला कधी पस्तावा झाला नाही. ती बाब म्हणजे वाख्था कुठं मिळते.

वाख्था ही रुईच्या गोतातली. देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि बोटांना लागला की दिवसभर सुटत नाही. पानं जाड, खालून लवदार. जूनमध्ये शेंड्यावर हिरव्या कळ्यांचे झुबके धरतात, ते फुलून गुलाबी व्हायच्या आत खुडायचे. कच्ची खाल्लीत तर पोट धरून बसाल. पण चांगली उकळून, पाणी ओतून टाकून, खारवलेल्या डुकराच्या तुकड्यांबरोबर आणि कणकेच्या गोळ्यांबरोबर रटरटली, की आमच्या ओमाहा जमातीतला माणूस झोपेतून उठून वाटी शोधतो. तिची एक तोतया बहीणही रानात असते. चीक तिलाही येतो, पण अंग गुळगुळीत, चव कडूजहर, आणि पोटाला घातक. म्हणून आमच्या आज्या पोरींना आधी पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवायला शिकवतात, मग बाकीचं.

आमच्याकडे माणूस तुम्हाला गाडी उसनी देईल, वर पेट्रोलही भरून देईल, पण वाख्थाची जागा सांगणार नाही. मार्सेलाला कुणी विचारलं की ती म्हणायची, "पुलाजवळ." ओढ्यावरच्या पुलाजवळ. जूनमध्ये ती आणि तिचा नवरा क्लिफर्ड आइस्क्रीमची रिकामी प्लास्टिकची बादली घेऊन गाडीतून निघत. आधी पुलाकडे जात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत, तिथं घटकाभर उभे राहत. मग मागच्या कच्च्या रस्त्यानं वळसा घालून टेकडीवर जात. तिथं आता बंद पडलेल्या जुन्या चर्चच्या कुंपणाखाली रस्त्यापर्यंत एक उतार आहे. त्या उतारात नांगर कधीच घुसला नाही, त्यामुळे गवताबरोबर वाख्थाही पूर्वापार तशीच राहिली. तिची मुळं जमिनीखालून लांबवर सरकतात, आणि एका जागी धरली की सगळा उतार बळकावतात.

क्लिफर्डला जागा ठाऊक होती, पण क्लिफर्ड मुळात बोलतच नसे, त्यामुळे त्याच्याकडून काही फुटायची भीती नव्हती. भीती होती ती त्याच्या धाकट्या भावाची, ऑरविलची. देवानं दोन्ही भावांच्या वाट्याचं बोलणं त्या एकट्याला दिलं होतं. तो काउंटीचा गवत कापायचा ट्रॅक्टर चालवी, त्यामुळे रोज प्रत्येक रस्त्यानं जाई आणि प्रत्येक दारात थांबे. सकाळी त्याच्या कानात घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नदीपलीकडं आयोवात पोचायची. म्हणून त्यालाही मार्सेलानं वर्षानुवर्षं "पुलाजवळ" हेच सांगितलं होतं.

दीर-वहिनीनं एकमेकांची टर उडवायची, ही आमची जुनी रीत. काहीही बोला, पण रागवायचं नाही. रागावला तो हरला. मार्सेला आणि ऑरविल लग्नाच्या दिवसापासून हा खेळ खेळत होते, आणि दोघांपैकी कुणीच अजून हरलं नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये मार्सेला कळ्या निवडत बसलेली असताना कॅलिफोर्नियातून तिच्या थोरल्या बहिणीचा, वर्डेलचा फोन आला.

"काय करतेयस गं, मार्सी?"

"वाख्था निवडतेय."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मार्सेलाला कारण माहीत होतं. वर्डेल एकोणीस वर्षांची असताना सरकारनं आमच्या पोरापोरींना शहरात कामं देतो म्हणून बसमध्ये बसवून पाठवलं, त्यात ती गेली. जून महिनाच होता. आजीनं तिच्यासाठी चुलीवर वाख्था चढवली होती, आणि बस वेळेआधी आली. पोरगी भांड्याकडे बघत बघत गेली. पुढं नोकरी, लग्न, मुलं, सगळं तिकडंच झालं. सुट्टी मिळे ती ऑगस्टात, आमच्या जमातीच्या वार्षिक मेळ्याच्या वेळी, आणि ऑगस्टापर्यंत वाख्था निबर होऊन शेंगांना आलेली असे. मार्सेला दरवेळी फ्रीजरमधली काढून रांधायची. वर्डेल खायची, छान झालीय म्हणायची, आणि शेवटी न चुकता म्हणायची, "फ्रीजर लागतोच गं जिभेला."

"यंदा येतेय मी," वर्डेल फोनवर म्हणाली. "गुडघ्यांनी हात टेकलेत. पुढच्या वर्षी जमेल असं वाटत नाही. एकदा ताजी खायला मिळाली असती, तर..."

"मिळेल," मार्सेला म्हणाली.

"ऑगस्टात?"

"तू ये तर खरी. ताजी घालते तुला. मेळ्यात तुझ्या नावानं पंगतच घालते."

फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. पण बहिणीचा फोनवरचा श्वास ऐकून माणूस हिशेब करून बोलत नाही. आणि मार्सेलाचा स्वभाव असा, की एकदा जीभ गेली की मागून पायही जायचे. रविवारी चर्चच्या जेवणात तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की वर्डेलच्या पंगतीला ताजी वाख्था होणार.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ऑरविलनं पाव खाली ठेवला.

"वहिनी, ऑगस्टातल्या वाख्थाची भाजी होत नाही. दोरखंड होतो."

"तुमच्या तोंडाला बांधायला लागेलच की, भावजी."

"वाढशील तेव्हा बरोबर करवतही दे. आमचे दात सरकारी दवाखान्यातले आहेत, मोडले तर दुसरे मिळायला वर्ष लागतं."

सगळे पोट धरून हसले, मार्सेलाही हसली. पण हे नुसतं चिडवणं नव्हतं, हे तिला समजत होतं. आमच्याकडे ज्याच्या नावानं पंगत, त्याला पहिली वाटी. सगळी वस्ती आपापल्या वाट्या-चमचे घेऊन रांगेत उभी असते आणि पहिल्या वाटीकडे बघत असते. तिथं वर्डेलला निबर देठ चघळावे लागले असते, तर वर्डेल काही बोलली नसती. तेच मार्सेलाला सोसलं नसतं.

तिनं डोकं चालवलं. उताराच्या वरच्या अंगाला एक मोठा ओक आहे. त्याच्या सावलीतली वाख्था उशिरा उठते. तिथले शेंडे अधूनमधून खुडत राहायचे, म्हणजे झाड फुलाला जाणार नाही, कोवळंच राहील. जुलै अर्धा होईपर्यंत ती दर दोन-चार दिवसांनी पुलाचा वळसा घालून तिथं जायची, शेंडे खुडायची आणि झाडांशी बोलायची. क्लिफर्ड गाडीत बसून टोपीखाली डुलकी काढायचा.

मग एका दुपारी ऑरविल दारात आला. टोपीवर गवताचा भुसा, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा थाट.

"वहिनी, कॉफी पाज. आज तुझ्यासाठी साहेबाशी भांडलो."

"आता काय केलंत?"

"नवा साहेब आलाय. दरवर्षी आपण सप्टेंबरात रस्त्याकडेचं कापतो, हा म्हणतो आत्ताच कापा. बरं, म्हटलं. पण पुलाजवळ हात लावणार नाही. तिथं आमच्या वहिनीची वाख्था आहे, तिच्या बहिणीची पंगत आहे. काढून टाका मला कामावरून, म्हटलं." त्यानं खुर्ची ओढली. "एक काडी कापली नाही मी तिथं. पुलाच्या दोन्ही अंगांना जंगल राखलंय तुझ्यासाठी."

मार्सेलाच्या हातातली किटली तशीच राहिली.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सगळं साफ. टेकडीवरचा चर्चखालचा उतार तर असा भादरलाय, की बघून लोळावंसं वाटेल तुला. ओकाच्या बुंध्यापर्यंत गेलो."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडावं, तर जागा फुटते. रागवावं, तर खेळ हरते. आणि रागावणार तरी कशावर? तो माणूस तिच्यासाठी नोकरी पणाला लावून आला होता, फक्त तिनंच शिकवलेल्या खोट्या जागेसाठी. खोट्याच्या कपाळी गोटा, असं तिची आजी ज्या सुरात म्हणायची, तो सूर तिला अगदी कानाशी ऐकू आला.

"फार उपकार झाले, भावजी," ती म्हणाली आणि कॉफी ओतली.

"चेहरा का उतरला तुझा?"

"तुम्ही साखर किती घेता ते आठवून."

तो गेल्यावर तिनं क्लिफर्डला उठवलं आणि दोघं टेकडीवर गेले. सगळा उतार आडवा झाला होता. वाख्थाचे बुंधे बोटभर उरले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला चीक वाळून पांढरा थेंब बसला होता. मार्सेला त्या कापल्या गवतात बसली. तिला राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटली.

"सांगायला हवं होतं त्याला," क्लिफर्ड म्हणाला.

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणालीस."

त्या दिवसानंतर ती टेकडीकडे फिरकली नाही. बघवतच नव्हतं. पुलाकडे मात्र तिला जावं लागलं, कारण ऑरविलनं तिच्यासाठी राखलेलं जंगल ती खुडत नाही हे लोकांना दिसलं असतं. ती रिकामी बादली घेऊन त्या छातीएवढ्या गवतात शिरे, डास मारत उभी राही, आणि पायांना गोचिडं चिकटवून परत येई. तिथं वाख्थाचं एकही रोप नव्हतं. होती ती अंगाला खाज आणणारी वेल. ट्रॅक्टरवरून जाता जाता ऑरविल हॉर्न वाजवी आणि ओरडून विचारी, "वाढली का गं?" ती हात हलवून हो म्हणे.

तिनं दोघी-तिघींना हळूच विचारूनही पाहिलं, तुमच्या जागेवर कुठं कोवळी राहिली आहे का. एकीनं तिला नदीकडे पाठवलं, दुसरीनं रेल्वेच्या रुळांकडे. दोन्हीकडे काही नव्हतं. मार्सेलाला त्यांचा राग आला नाही. तिनं त्यांना आयुष्यभर पुलाजवळ पाठवलं होतं.

शेवटी तिनं ठरवलं की वर्डेलला खरं सांगायचं आणि फ्रीजरमधली रांधायची. पंगतीच्या आदल्या सकाळी वर्डेल आली. हातात काठी, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि दारातूनच म्हणाली, "पर्स ठेवते. मला आधी तिथं ने. वाकता येत नाही, पण बघता तर येतं."

"ताई, आधी कॉफी तरी घे."

"कॉफी कॅलिफोर्नियातही मिळते."

क्लिफर्डनं गाडी सवयीनं पुलाकडे घेतली. मार्सेला म्हणाली, "आज सरळ चला." आणि मग वाटेत तिनं सगळं सांगितलं. फोन, चर्च, नवा साहेब, पुलाजवळचं राखलेलं जंगल. वर्डेल ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे त्यानं डास राखले तुझ्यासाठी?"

"हस तू. मला तोंड दाखवायला जागा नाही, आणि तुला वाढायला भाजी नाही."

"तरी ने. जागेला तरी भेटते."

गाडी चर्चपाशी वळली आणि क्लिफर्डनं न सांगता ब्रेक दाबला. सगळा उतार हिरवागार होता. जिथं जिथं बुंधा कापला गेला होता, तिथून दोन-दोन, तीन-तीन फुटवे वर आले होते. जाडजूड, ताठ, मे महिन्यात येतात तसे. पानं अजून पुरती उघडलीही नव्हती. एखाद्या शेंड्यावर तर कळ्यांचा बारीक झुबकाही धरला होता.

वर्डेल काठी टेकत कुंपणाशी गेली. तिनं हाताशी येणारं एक पान उलटलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

"लवदार आहे," ती म्हणाली. "तीच आहे."

मार्सेला जुलैत जिथं बसून रडली होती, तिथंच बसून पुन्हा रडली. या वेळी आनंदानं.

"हे कसं झालं, ताई?"

वर्डेलनं उताराकडे पाहिलं. "बाबा घोड्यांसाठी इथलं गवत कापायचे, भर उन्हाळ्यात. तू पाळण्यात होतीस. त्यानंतर आजी पुन्हा एकदा ही भाजी करायची. मला लहानपणी वाटायचं, वाख्था वर्षातून दोनदा येते. पुढं घोडे गेले, कापणं गेलं." तिनं काठीच्या टोकानं एक बुंधा चाचपला. "हे मी पार विसरले होते, मार्सी. इतकी वर्षं तिकडं बसून विसरलेच होते."

तिघांनी मिळून बादल्या भरल्या, म्हणजे दोघांनी खुडलं आणि वर्डेलनं काठीनं दाखवलं. काही पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट चरत होते. ती रोपं आजीच्या नियमानं सोडायची असतात.

"त्यांनाही ऑगस्टात कोवळंच हवं," वर्डेल म्हणाली. "दात नसतील त्यांनाही."

दुसऱ्या दिवशी मेळ्यात ढोल थांबले, प्रार्थना झाली, आणि लोक वाट्या घेऊन मार्सेलाच्या मांडवाशी जमले. मोठ्या पातेल्याचं झाकण निघालं आणि वास पसरला. त्या वासाला वय नसतं. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. ऑरविल पहिल्या वाटीच्या मागेच उभा होता. त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला शब्द सुचेना.

"ताजी आहे," तो शेवटी म्हणाला. "कुठून आणलीस, वहिनी?"

सगळी रांग ऐकत होती. मार्सेलानं पातेल्यात डाव फिरवला.

"पुलाजवळून."

"मी राखली," ऑरविल रांगेकडे वळून म्हणाला. मग त्याला तेवढं पुरेना. त्यानं जाऊन निवेदकाच्या हातातला माइक घेतला आणि नवा साहेब, आपली नोकरी, आणि वहिनीची भाजी, ही हकिगत सगळ्या मैदानाला ऐकवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्डेलला हसून ठसका लागला, क्लिफर्डनं तिची पाठ थोपटली.

मग तिच्या हातात पहिली वाटी आली. तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला. तिनं वाटी संपवली, तळाला राहिलेला रस तळलेल्या रोटीनं पुसून घेतला आणि वाटी मांडीवर ठेवून बसली.

"फ्रीजर नाही ना लागला?" मार्सेलानं विचारलं.

"नाही. आजीचं ते भांडं उतरलं गं आज चुलीवरून." वर्डेलनं डोळे पुसले. "पुढच्या वर्षीही करशील?"

"गुडघ्यांचं काय?"

"त्यांना सांगते, आहे काहीतरी जाण्यासारखं."

मार्सेला हो म्हणाली, आणि हो म्हणतानाच तिला उमगलं की आपण पुन्हा वचन देऊन बसलो. पुढच्या ऑगस्टात वाख्था हवी, तर पुढच्या जुलैत उतार कापायला हवा. आणि कापणारा गावात एकच होता, जो आत्ता तिसऱ्या वाटीबरोबर नोकरीची हकिगत तिसऱ्यांदा सांगत होता.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. उताराची ती गुप्त जागा हीच आजीनं तिला दिलेली एकमेव इस्टेट होती. मग तिनं पुन्हा बहिणीकडे पाहिलं, उठली, आणि त्याला मांडवाच्या मागं बोलावलं.

"भावजी, पुलाजवळ काही नाही."

"म्हणजे?"

"कधीच नव्हतं. जागा चर्चखाली आहे."

ऑरविलचा चेहरा एकेक पायरी खाली उतरला. "तो तर मी..."

"भादरलात. ओकाच्या बुंध्यापर्यंत."

"आणि तू मला कॉफी पाजलीस."

"पाजली. पण तुम्ही कापलीत म्हणूनच ती पुन्हा उठली."

त्यानं टोपी मागं सारली. "मग मी राखलीच की."

"राखलीत. आता दरवर्षी राखायची. जुलैच्या मध्याला खालचा अर्धा उतार कापायचा. वरचा सोडायचा, शेंगांना आणि सुरवंटांना. आणि भावजी, हे जर कुठं..."

"मी कधी कुणाला काही सांगतो का?"

मार्सेलानं आकाशाकडे पाहिलं. ऑरविल मात्र हसत नव्हता. चाळीस वर्षं आपल्याला कुणी काही सांगत नाही, हे त्यालाही ठाऊक असावं.

त्याच्या माइकवरच्या हकिगतीचा एक परिणाम झाला. पुढच्या जूनमध्ये गावातल्या निम्म्या बायका बादल्या घेऊन पुलाजवळ गेल्या आणि पाय खाजवत परत आल्या. जुलैत ट्रॅक्टर टेकडीवर गेला, खालचा अर्धा उतार कापून आला. ऑगस्टात वर्डेल आली, काठी तीच, बूट नवे.

मेळ्याच्या आदल्या दिवशी मार्सेला दुकानात पीठ घ्यायला गेली होती. फळीच्या पलीकडून तिला दुकानवाल्या बर्निसचा आवाज ऐकू आला.

"ऑरविल, तुझी वहिनी खरी जाते तरी कुठं? पुलाजवळ तर काहीच नाही. तुला नक्की माहीत असणार."

मार्सेला पिठाची पिशवी घेऊन फळीआडच थांबली. पलीकडं ऑरविलनं कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला.

"नीट बघत नाही तुम्ही," तो म्हणाला. "पुलाजवळच आहे."